आधी गज, मग नेम

गेल्या खंडेनवमीची गोष्ट. चंदीगडच्या सेक्टर ३२ मध्ये आम्ही राहतो ते जावयांच्या नोकरीमुळे. ते इथल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात आहेत. लष्करातून निवृत्त झाल्यावर मी आणि सौ. मुलीकडेच राहायला आलो. नातू आपल्या शाळेत कॅडेट. दसऱ्याच्या सुट्टीत तो घरी आला होता. पंजाबी शेजारात खंडेनवमी फारशी कुणाला ठाऊक नाही, पण आमच्या घरी ती चुकत नाही. पाटावर लाल वस्त्र, त्यावर आजोबांची तलवार, माझा जुना मोजमापाचा संच, जावयांचा स्टेथोस्कोप, मुलीची शिवणाची कात्री आणि मध्यभागी आजोळहून आलेली ठासणीची दुनळी रायफल.

ही रायफल मेळघाटच्या पायथ्याच्या एका गावातून आमच्याकडे आली. १२ बोअरची, दोन नळ्यांची, तोंडाकडून दारू भरायची, दोन घोडे आणि दोन चाप. वजन साडेचार किलोच्या आसपास. परवाना माझ्या नावावर आहे. गेली चाळीस वर्षे ती कपाटात असते, वर्षातून एकदा पाटावर येते, हळदकुंकू लावून घेते आणि परत कपाटात जाते.

आरती झाली. नातवाने रायफल उचलून खांद्याला लावली आणि विचारले, "आजोबा, ही एकदा झाडून बघू या का? दारू मिळेल ना कुठेतरी?"

मी नाही म्हणणारच होतो. पण नुसते नाही म्हणण्यापेक्षा कारण दाखवावे म्हणून त्याला म्हटले, "आधी गज घाल. नळी रिकामी आहे का ते बघ." ठासणीच्या बंदुकीत नळी उघडून आत डोकावता येत नाही. गज तोंडातून बुडापर्यंत सोडायचा, तोंडाशी जिथे येईल तिथे बोटाने खूण धरायची, आणि मग तोच गज नळीच्या बाहेरून लावून पाहायचा. डावीकडे गज बुडापर्यंत पोचला. उजवीकडे तो चार बोटे अलीकडेच थांबला.

त्या क्षणी खोलीत कोणी बोलले नाही. उजवी नळी भरलेली होती. किती वर्षांपासून, कोणी भरली, काही सांगता येत नाही. सोरा, कोळसा आणि गंधक यांची काळी दारू कोरडी राहिली तर कित्येक दशके जिवंत राहते. आणि मी? मी आयुष्यभर लष्करात ईएमई कोअरमध्ये शस्त्रांची तपासणी केली. हजारो रायफली हातातून गेल्या. त्या प्रत्येकीची नळी पाहिल्याशिवाय मी कागदावर सही केली नाही. पण घरच्या रायफलीत चाळीस वर्षांत एकदाही गज घातला नाही. कारण ती घरची होती, शोभेची होती, पूजेतली होती. दरवर्षी तिच्या तोंडासमोर निरांजन फिरवले जात होते. घरातली लहान मुले तिला हात लावत होती.

ही लाज मी इथे मुद्दाम सांगतो आहे. कारण मला जे मत मांडायचे आहे ते या लाजेतूनच आले आहे. माझे म्हणणे असे की, आपल्या शाळांतून आपण कॅडेटला नेम धरायला शिकवतो, पण शस्त्र तपासायला, भार पारखायला आणि नोंद ठेवायला पुरेसे शिकवत नाही. नेम ही शेवटची पायरी आहे. तिच्या आधीच्या पायऱ्या आपण घाईत ओलांडतो.

नातवाने त्या संध्याकाळी विचारले, "समजा नळी रिकामी असती, तर मग झाडली असती का?" त्या प्रश्नाचे उत्तर द्यायला आम्हाला सुट्टीचे उरलेले सगळे दिवस लागले. ते उत्तर थोडक्यात इथे देतो, कारण प्रत्येक कॅडेटने विचार करावा असे त्यात काही आहे.

प्रथम बोअर म्हणजे काय ते पाहू. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यातली एक गोळी ज्या नळीत बसेल ती १२ बोअर. म्हणजे गोळी सुमारे ३८ ग्रॅमची. तुम्ही सरावाला वापरता त्या .२२ रायफलची गोळी अडीच ग्रॅमच्या आसपास असते, इन्सासची सुमारे चार ग्रॅम. यावरून या शस्त्राच्या धक्क्याची कल्पना यावी.

असल्या रायफली हिंदुस्थानात कशा वापरल्या जात आणि पारखल्या जात, याचे एक नाव मराठी माणसाला जवळचे आहे. कॅप्टन जेम्स फोर्सिथ. नागपूर राजधानी असलेल्या तेव्हाच्या मध्य प्रांतात तो नोकरीला होता. १८६२ मध्ये त्याने पचमढीच्या पठारावर बंगला बांधला आणि सातपुड्याचे रान पायाखाली घातले. १८६३ मध्ये त्याचे शिकारी रायफलीवरचे पुस्तक निघाले. त्या काळी नळीतले आटे फार पिळाचे असत. थोडी दारू भरली तर गोळी आट्यांत फिरत जाई, पण दारू वाढवली की मऊ शिशाची गोल गोळी आटे सोडून सरळ घसरत निघे आणि नेम बिघडे. म्हणून लोक कमी दारू भरत, आणि मग गोळी लवकर खाली पडे. फोर्सिथचे म्हणणे असे की मोठ्या गोल गोळीला पीळ अगदी मंद हवा. त्याच्या १४ बोअरच्या रायफलीत १०४ इंचांत एक फेरा होता. त्यामुळे भरपूर दारू भरता येई आणि गोळी बऱ्याच अंतरापर्यंत जवळजवळ सरळ जाई. रानात अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी नेम चुकत नसे.

शिकारीचा तो जमाना गेला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तो जावा हेच योग्य. पण फोर्सिथची विचार करण्याची रीत घेण्यासारखी आहे. नेम बिघडला की त्याने खाचेला दोष दिला नाही. त्याने विचारले: नळी, पीळ, गोळी आणि दारू यांचा मेळ बसला आहे का?

दुनळी रायफलीत हा प्रश्न फार स्पष्ट दिसतो, म्हणून मी नातवाला तो कागदावर काढून दाखवला. दोन नळ्या शेजारी शेजारी, पण त्या अगदी समांतर नसतात. तोंडाकडे किंचित जवळ येतात. का? उजवी नळी झाडली की धक्का मध्यरेषेच्या उजवीकडे बसतो, आणि गोळी तोंडातून बाहेर पडण्याआधीच रायफल थोडी वर आणि उजवीकडे वळते. डाव्या नळीचे उलट. कारागीर नळ्या जोडताना हे वळण हिशेबात धरून त्यांना आतल्या बाजूला झुकवतो, झाडून पाहतो, डाख गरम करून पुन्हा हलवतो, पुन्हा झाडून पाहतो, जोवर दोन्ही नळ्यांच्या गोळ्या एका जागी पडत नाहीत तोवर.

पण हा मेळ एका ठरावीक भारासाठीच असतो. दारू कमी भरली तर गोळी नळीत जास्त वेळ राहते, तेवढ्यात रायफल जास्त वळते, आणि साधारणपणे उजवीचा मार उजवीकडे, डावीचा डावीकडे जातो. दोन्ही गट एकमेकांपासून फाकतात. दारू जास्त झाली तर गोळी लवकर सुटते आणि दोन्ही मार एकमेकांना ओलांडून पलीकडे जातात.

आता यात खाच सरकवून काय होणार? खाच एकच, नळ्या दोन. उजवीचा मार मध्यावर आणायला खाच डावीकडे सरकवली की डावीचा मार आणखी बाहेर गेला. दोन गटांमधले अंतर खाचेने कमी होत नाही. ते फक्त भाराने कमी होते. म्हणून अशा रायफलीत आधी भाराची चाचणी आणि मग नेमाची जुळणी. हा क्रम उलटा केला तर दिवसभर शिसे फुकट जाते.

भाराची चाचणी कशी होते? जाणकार माणूस परवानगीच्या रेंजवर हे करतो तेव्हा पहिला बार खांद्याला लावून काढत नाही. रायफल जाड चौकटीत आवळतात, सगळे लोक आडोशाला जातात आणि चापाला बांधलेली दोरी लांबून ओढतात. मग नळ्या पुन्हा मोजतात, कुठे फुगवटा किंवा चीर आली का पाहतात. त्यानंतर अगदी कमी भारापासून सुरुवात. दारू मापाने मोजून घेतात, भांड्यातून सरळ नळीत कधीच ओतत नाहीत. नळीत एखादी ठिणगी उरली असेल तर सगळे भांडे हातात पेटेल. गोळी वंगण लावलेल्या कापडाच्या चकतीत बसवून दारूवर घट्ट टेकेपर्यंत ठासतात. मध्ये पोकळी राहिली तर तीच गोळी नळीतला अडथळा होते आणि नळी फुटू शकते. गजावर आधीच खूण केलेली असते. खूण तोंडाशी आली नाही तर बार काढायचा नाही.

प्रत्येक भाराच्या उजवीच्या तीन आणि डावीच्या तीन गोळ्या वेगवेगळ्या खुणेने नोंदवतात. दोन बारांच्या मध्ये नळी पुसतात, कारण काळ्या दारूची काजळी साचली की पुढची गोळी वेगळी वागते. जमिनीवर पडलेल्या चकत्याही उचलून पाहतात. चकती फाटली असेल तर एक अर्थ, कड जळली असेल तर दुसरा. मग भार थोडा वाढवायचा आणि पुन्हा सगळे तसेच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दारू, चकती आणि गोळी तिन्ही एकदम बदलल्या तर सुधारणा कशामुळे झाली ते कळणारच नाही.

दुनळीत आणखी दोन धोके आहेत. एक नळी झाडल्यावर ती पुन्हा भरायची असेल तर आधी दुसऱ्या, भरलेल्या नळीची केप काढून ठेवायची. नाहीतर भरणाऱ्याचा हात जिवंत नळीच्या तोंडावर असतो. आणि एका नळीच्या धक्क्याने दुसरीतली गोळी पुढे सरकू शकते, म्हणून गजाने तीही पुन्हा तपासायची. घाईत एकाच नळीत दोनदा दारू भरल्याने अपघात होतात. हात नेहमीच्या कामात आणि लक्ष दुसरीकडे, एवढेच त्याला पुरते.

दोन्ही नळ्यांचे गट एकत्र आले की मगच खाच आणि माशी. त्यातही हिशेब आहे. माशी आणि खाच यांच्यात ६० सेंटिमीटर अंतर असेल, तर खाच फक्त १ मिलिमीटर सरकवली की ५० मीटरवर मार सुमारे ८३ मिलिमीटर सरकतो. म्हणून एका गोळीवरून खाच कधी हलवायची नाही. एक गोळी म्हणजे एक साक्षीदार. गट पाहायचा, गटाचा मध्य काढायचा, मग हलवायचे.

हे सगळे ऐकून नातू म्हणाला, "म्हणजे झाडण्यापेक्षा तपासण्यातच जास्त वेळ!" मी म्हटले, "बरोब्बर."

आमच्या रायफलीचे पुढे काय झाले ते सांगतो. दुसऱ्या दिवशी परवानाधारक कारागिराशी बोललो. त्याने येऊन काळजीपूर्वक दारू निकामी केली आणि गोळी काढली. मग दोन्ही नळ्या आतून प्रकाश टाकून पाहिल्या. नळ्यांच्या खाली जुने प्रूफचे शिक्के आहेत. इंग्लंडमध्ये लंडनला आणि १८१३ पासून बर्मिंगहॅमला प्रत्येक नळी नेहमीपेक्षा जड भाराने झाडून मगच असा शिक्का मारत. नातू शिक्के पाहून खूश झाला. पण कारागिराने डाव्या नळीच्या बुडाजवळ गंजाने पडलेले खड्डे दाखवले. शिक्का त्या दिवसाचा होता, खड्डे नंतरच्या शंभर-सव्वाशे वर्षांचे. निर्णय झाला: ही रायफल झाडायची नाही. कधीच नाही.

नातवाचा चेहरा उतरला. पण चाचणी म्हणजे काही झाडण्याची परवानगी मिळवण्याचा उपाय नव्हे. "नाही" हेही चाचणीचे पूर्ण उत्तर आहे. ज्याला "नाही" ऐकायचेच नसते तो चाचणी करत नाही, तो फक्त विधी करतो. मी चाळीस वर्षे तेच करत होतो.

आता शाळेविषयी. नातवाबरोबर इथल्या सेक्टर २५ च्या शूटिंग रेंजवर दोन दिवस गेलो. त्याचे गुण वाईट नाहीत. पण तीन गोळ्या डावीकडे गेल्या की तो लगेच साइट फिरवायला जाई. मी विचारले, "मागच्या वेळी साइट किती होती? दारूगोळा कुठल्या लॉटचा? श्वास कधी सोडलास? चाप ओढला की झटकला?" त्याच्याकडे एकाही प्रश्नाचे लिहिलेले उत्तर नव्हते. त्याला फक्त गुण आठवत होते, कारण भिंतीवर गुण लागतात, ढाल गुणांना मिळते. तो भाराची चूक खाचेने दुरुस्त करू पाहत होता. दुनळीच्या कागदाची आठवण करून दिली तेव्हा त्याला ते पटकन पटले.

प्रशिक्षक मंडळी म्हणतील, आणि त्यात तथ्य आहे, की आमच्याकडे वेळ कमी, फैरी मोजक्या आणि मुले जास्त. शिवाय आजची रायफल आणि कारखान्याचा दारूगोळा आधीच तपासून आलेला असतो, शंभर वर्षांपूर्वीच्या ठासणीचे नियम इथे कशाला? माझे उत्तर दोन भागांत आहे. फैरी मोजक्या आहेत म्हणूनच प्रत्येक फैरीची नोंद हवी. ज्याच्याकडे गोळ्यांची रास आहे त्याला एकवेळ विसरणे परवडेल. आणि दारूगोळा तपासून येतो हे खरे, पण तो कोणीतरी तपासला म्हणून. फोर्सिथच्या सातपुड्याच्या पायथ्याशी, इटारसीला, आज आपल्या सैन्याच्या तोफा आणि दारूगोळ्याच्या प्रूफ चाचण्या होतात. आमच्या घराजवळ सेक्टर ३० मध्ये डीआरडीओची टर्मिनल बॅलिस्टिक्स रिसर्च लॅबोरेटरी आहे आणि तिची रेंज रामगडला. तिथल्या रॉकेट स्लेडच्या रुळांवर २०२३ मध्ये गगनयानाच्या ड्रोग पॅराशूटच्या चाचण्या झाल्या. अंतराळातून परतणाऱ्या माणसाचा जीव ज्या कापडावर लटकणार ते कापड माणूस बसण्याआधी पारखले गेले पाहिजे, हा साधा नियम. उद्या तुमच्यातलाच कोणी अशा ठिकाणी सही करणारा असेल. ती सही करण्याची सवय शाळेतच लागली पाहिजे.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, प्रत्येक कॅडेटची रेंजची नोंदवही असावी: तारीख, हवा, शस्त्राचा क्रमांक, लॉट, अंतर, गटाचा आकार आणि "मला वाटले होते कुठे लागेल, लागले कुठे." दुसरी, आंतरहाऊस नेमबाजीत काही गुण या वहीला आणि शस्त्राच्या तपासणीला द्यावेत. ज्याची वही कोरी त्याला ढाल नाही. तिसरी, वर्षातून एक तास शिक्षकांनी फळ्यावर दुनळीचा हा हिशेब मांडावा. एकही बार न काढता मुले त्यातून पुष्कळ शिकतील.

पालकांनाही एक विनंती. आपल्यापैकी अनेकांच्या घरी, विशेषतः वतनदार आणि फौजी घराण्यांत, जुनी शस्त्रे आहेत. ती "शोभेची" म्हणून सोडू नका. परवान्याचे कागद पाहा. जाणकार, परवानाधारक माणसाकडून नळी तपासून घ्या. स्वतः दारू काढायला जाऊ नका आणि मुलांना तर मुळीच जाऊ देऊ नका. फटाक्यांची दारू किंवा आधुनिक काडतुसातली दारू अशा नळीत भरणे म्हणजे हात गमावण्याची तयारी. शस्त्र तपासणे, चाचणी घेणे यालाही कायद्याने परवाना लागतो. घरच्या गच्चीवर किंवा शेतात प्रयोग करायची ही गोष्ट नव्हे.

यंदाची खंडेनवमी जवळ आली आहे. नातवाने शाळेतून फोनवर सांगितले, "आजोबा, पूजेआधी गज घाला बरं का." रायफल रिकामी आहे, निकामी आहे, मला पक्के ठाऊक आहे. तरीही घालणार आहे. दोन्ही नळ्यांत. आणि तारीख घालून वहीत लिहिणार आहे.